आक्का, तुझी शेजारीण आली होती

आक्का, आज सोमवार. सकाळी परसातल्या भिंतीवरून हात आला. रित्या मनगटाचा, सुरकुतलेला, तुझ्या शिवकांताबाईचा हात. आधी त्यानं भिंतीवरचं पोतं चाचपलं, मग त्यावर जरा टेकला, मग वर जाऊन बेलाची फांदी खाली ओढली. चार पानं खुडली आणि गेला. मी तिथंच चूळ भरत उभा होतो. तुला माती दिली त्याला अजून आठवडा व्हायचाय, आणि सोमवार आपला वेळेवर आलाय.

पाळकसाहेब म्हणाले, दानिएल, आक्काबद्दल दोन शब्द लिहून द्या, रविवारी मंडळीत वाचून दाखवू. हे काही मंडळीत वाचण्यासारखं होणार नाही, ते मला बसतानाच कळलंय. जन्म कधी, लग्न कधी, वैधव्य कधी, किती वर्षं बालवाडी चालवली, ते त्यांचं ते लिहितील. मला तुझ्याशी भांडायचंय. ते राहून गेलंय, आणि आता भांडायला मला दुसरं कुणी उरलेलं नाही.

त्यांनी तुझ्या मातीवर काय सांगितलं ठाऊक आहे? या भगिनीनं शेजाऱ्यावर आपल्यासारखीच माया केली, तिला तिचं फळ वर मिळेल. वर! मी हात बांधून मान खाली घालून उभा होतो, नाहीतर तिथंच विचारणार होतो, साहेब, खाली का नाही? खाली काय दुष्काळ पडला होता? तू असतीस तर मला चिमटा काढला असतास. लहानपणी उपासनेत मी चुळबुळलो की काढायचीस तसा, दंडाला, आतल्या बाजूनं.

दादांनी, आपल्या वडिलांनी, हे घर बांधलं तेव्हा जागा निवडायला त्यांना कुणी विचारलं नव्हतं. झरीच्या वाटेवरचं आपलं गाव, त्याची ही वस्ती, आणि वस्तीचं हे शेवटचं घर. इथं वस्ती संपते आणि भिंतीपलीकडं वाण्यांची घरं लागतात. दादा आले प्रचारक म्हणून आणि गेले तेही प्रचारक म्हणूनच. त्यांच्यामागं पुढच्या खोलीत रविवारी चार घरची माणसं जमायची, ती तू जमवत राहिलीस. आणि मागं परसात ती छातीएवढी भिंत. भिंतीपलीकडं शिवकांताबाई, लिंगायत, गावातल्या किराणा दुकानवाल्याची बायको आणि पुढं विधवा. तुझ्याच वयाची. दुपारची कामं आवरली की तू तुझ्या बाजूला पालथ्या पाटीवर बसायचीस, ती तिच्या बाजूला बसायची. एकमेकींचं तोंडसुद्धा दिसायचं नाही. तरी तासन्‌तास बोलणं चालायचं. सुना, गुडघे, तिचा दमा, तुझ्या बालवाडीतली शेंबडी पोरं. मी सुटीला आलो की झोपमोड व्हायची. एकदा मी ओरडलो, "अगं, आत तरी बसा दोघी, सगळी गल्ली ऐकतेय!" भिंतीच्या दोन्ही बाजू एकदम गप्प झाल्या. मी काहीतरी घाण बोलून गेल्यासारख्या.

कारण ती आत यायची नाही. इतक्या वर्षांत तिनं या घराचा उंबरा ओलांडला नाही, आणि तूही तिचा ओलांडला नाहीस. त्यांच्या धर्मात विटाळ नाहीच म्हणे. गळ्यात लिंग असलं की सगळे सारखे, बाई असो, बाप्या असो, कुणाच्या पोटी जन्मलेला असो. हे मला तूच सांगितलंस, मोठ्या कौतुकानं. मी म्हणालो, मग तिला सांग की. तू म्हणालीस, "अन् आपल्यात तरी काय लिवलंय, अन् परभनीच्या मंडळीत पोरीचं लगीन जमवताना काय इचारत्यात?" पुस्तकाप्रमाणं कुणीच वागत नाही हे तुझं मला पटलेलं एकमेव मत.

एक मात्र तुम्हा दोघींचं सारखं होतं, त्यावर तुम्ही हसायचात. तीही मेल्यावर पुरणार आणि तूही. ती म्हणायची, "आमाला बसवून पुरत्यात बाई, तुमाला निजवून. जन्मभर मी बसायलेच की हितं, मेल्यावर तरी निजू द्या म्हनावं." आणि तू इकडून, "मग तुमी माझ्या जाग्यावर निजा, मी बसते तुमच्या." एवढ्या मोठ्यानं हसायचात की दुकानातून मल्लू, तिचा मुलगा, डोकावून जायचा.

बेलाचं झाड आपलं, देव तिचा. पहिल्यापासून ती भिंतीवरून हात घालून पानं खुडायची. तुला वाटलं, दम्याची बाई टाचा उंचावून खुडतेय. म्हणून दर सोमवारी तूच पहाटे उठून, हातपाय धुऊन, धुतल्या पाटीत कोवळी तीनदली पानं काढून भिंतीवर ठेवायला लागलीस. एका सोमवारी मी सुटीवर होतो. पत्रे ठोकायला वर चढलो होतो, तिथून बघितलं. तिनं पाटी उचलली, परसातल्या शेळीपुढं पानं ओतली, पाटी परत भिंतीवर ठेवली आणि मग टाचा उंचावून स्वतःच्या हातानं दुसरी खुडली. मी तरातरा खाली आलो. तुला म्हणालो, तुझ्या हाताची पानं शेळी खातेय आक्का, देव नाही. तू चूल फुंकत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "ठाव हाय मला."

"मग कशाला खुडतेस?"

"शेळी गाभन हाय. पाला लागतोय तिला."

मी तव्यावरची भाकरी उचलून फेकली होती, आठवतं? ती तू उचललीस, झटकलीस आणि मलाच वाढलीस.

विद्यापीठाच्या नावावरून गावं पेटली त्या वर्षाचं आपलं भांडण कधी मिटलंच नाही. मी परभणीत ड्यूटीवर होतो. दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा वस्तीतली कुडाची घरं बसली होती. धूर निघत होता, माणसं शेतात पांगली होती आणि तुझं घर उभं होतं. पत्र्याला काजळीसुद्धा नव्हती. तू सांगितलंस, घोळका तुझ्या दारात आला तेव्हा शिवकांताबाई परसातून किंचाळत धावली, भिंतीला छाती लावून उभी राहिली आणि ओरडली, "ह्या घराला हात लावू नका, माझी आन हाय!" आणि माणसं मागं फिरली.

मी परसात गेलो. तुझ्या भिंतीला टेकून त्यांची कडब्याची गंजी होती, घरावर घर रचावं एवढी. ठिणगी उडाली असती तर आधी ती पेटली असती, मग त्यांचा गोठा, मग दुकान. मी परत आत येऊन विचारलं, "आक्का, तिनं तुला वाचवलं की कडब्याला?"

तू म्हणालीस, "दोनी वाचलं न्हाई का?"

हे उत्तर नव्हे. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. त्या घोळक्यात मल्लू होता का, हे मी तुला किती वेळा विचारलं. दर वेळी तू दुसरंच काहीतरी काम काढलंस. आता ते तुझ्याबरोबर मातीत गेलं.

आणि त्याची किंमत कुणी भरली? तूच. जळालेली घरं तुझ्या पुढच्या खोलीत येऊन राहिली. तू त्यांना रांधून घातलंस, त्यांच्या पोरांचे पाय धुतलेस. पण घरं पुन्हा उभी राहिली आणि हळूहळू बोलणं सुरू झालं. बाईचं घर तेवढं कसं वाचलं? बाई त्यांच्यातली हाय. बाईचं काय, ख्रिस्ती हाईत, दोन्ही दगडांवर पाय. बालवाडीत पोरं कमी झाली. नळावर तू गेलीस की बायका हंडे सरकवून घ्यायला लागल्या, आपल्याच बायका, आपल्याच रक्ताच्या. भिंतीपलीकडचे तुझ्या हातचं पाणी पीत नव्हते आणि भिंतीअलीकडचे तुझ्याशी धड बोलत नव्हते. शेजाऱ्यावर माया करायची ती करून तू अशी मधोमध उरलीस, आणि वर मला म्हणायचीस, "जरा मोटं मन कर दान्या."

मन मोठं करायला मी नकार दिला, हे खरं. मी तेव्हाच चर्च सोडलं, मोर्चात गेलो. रविवारी मंडळीतल्या कुणी आपला "सलाम" म्हटलं तर दुसरीकडं बघायला लागलो. तू एकदाही म्हणाली नाहीस की येशूला सोडू नकोस. एवढंच म्हणालीस, "दुपारचं ऊन लय असतंय, टावेल घेऊन जात जा मोर्चाला."

आम्हाला धरलं तेव्हा तू आलीस. त्याचं मला अजून हसू येतं, आणि या घरात हसायला दुसरं काही शिल्लक नाही म्हणून लिहितो. भाकऱ्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन तू कोठडीपुढं हजर. माझ्याबरोबरची पोरं भुकेनं डोळे लावून बसलेली. आणि तू आधी काय केलंस? दारावरच्या हवालदाराला पिठलं-भाकरी काढून दिलीस. त्यानंच माझ्या पाठीवर काठी फिरवली होती. मी गजाआडून दातओठ खातोय, आणि तू त्याला विचारतेस, "घरी लेकरं किती हाईत दादा?" नंतर मी तुला हाग्या दम भरला. तू म्हणालीस, "त्यो बी सकाळपासून उपाशीच हुता की." त्या हवालदारानं मला आत तंबाखू आणून दिली, हे मी तुला कधी सांगितलं नाही. घे, आज सांगतो. तेवढ्यापुरती तू जिंकलीस.

पण पाण्याचं काय, आक्का? मला खरं भांडायचंय ते पाण्यावरून.

काढणीचे दिवस होते. मल्लू आणि त्याची बायको लग्नाला परगावी गेलेले, सगळी गल्ली शेतात. दुपारी तू पाटीवर जाऊन बसलीस, तर पलीकडून नुसतं कण्हणं. तू वळसा घालून त्यांच्या परसाच्या फाटकातून गेलीस. मागचं दार उघडंच होतं. आत शिवकांताबाई बाजेवर तापानं फणफणलेली. तुला बघितलं आणि म्हणाली, "बाई, पानी." घागर उंबऱ्याच्या आत, हात लांबवला तर लागेल एवढ्यावर. वर पितळी तांब्या पालथा घातलेला. आणि तू काय केलंस? तू उंबऱ्याबाहेर उभी राहून हाका मारायला लागलीस. "कुनी हाय का गं! कुनी तरी या गं!" आत ती पाणी-पाणी करतेय आणि बाहेर तू गल्लीच्या दोन्ही तोंडांना धावतेस, परत येतेस, पुन्हा हाका मारतेस. मग कधीतरी गुरवाची सून शेतातून आली, तिनं तांब्या भरला, पाजला. तोवर तू रडून अर्धी झाली होतीस.

हे तू मला सांगितलंस त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यावर थुंकायचा राहिलो. मी म्हणालो, तहानलेल्याला पाणी द्यावं, हे तुझ्या धर्मात पहिल्या इयत्तेतलं. त्याला प्रचारकाची मुलगी कशाला व्हावं लागतं? तू तिच्यावर माया केलीस की जातीवर? तिची घागर सांभाळलीस, तिला नाही. तू जळालेल्या वस्तीतली असून त्यांचा उंबरा त्यांच्यापेक्षा जास्त पाळलास.

तू म्हणालीस, "मी तिला पानी पाजून मोटी झाले असते रं. लोकांनी म्हनलं असतं, बाईनं जीव वाचिवला. अन् ती? तापातून उटल्यावर सुनेनं तिला कुटल्या ताटात वाढलं असतं? तिला माझ्या हातचं प्यायचं असतं, तर शुद्धीत असताना मागितलं असतं. ती तापात हाय म्हनून मी तिच्या घरात घुसायचं? तिचं काय ते तिला ठरवू दे की."

"आणि मेली असती तर?"

तू उठलीस, कणगीतून दाणे काढलेस आणि निवडायला बसलीस. मी पुन्हा विचारलं. तू दाणे निवडत राहिलीस. त्यानंतर मी दर सुटीत विचारत गेलो आणि तू दर सुटीत काहीतरी निवडत बसलीस. आक्का, मला अजूनही वाटतं की तू चुकलीस. आणि मला हेही माहीत आहे की तिच्या मनाची एवढी पत्रास या गावात दुसऱ्या कुणी ठेवली नाही, तिच्या मल्लूनंसुद्धा नाही. या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एका ठिकाणी राहत नाहीत. तू कशा ठेवायचीस?

या हिवाळ्यात विद्यापीठाला नाव लागलं. एवढी वर्षं, एवढी घरं, एवढी माणसं, आणि मग एकदाचं लागलं. मी परभणीहून पेढे घेऊन आलो. वस्तीत गुलाल होता, ढोल होता, आणि तू अंथरुणाला खिळलेली. तू पेढा जिभेवर ठेवलास आणि म्हणालीस, "बरं झालं. आता कुनाचं घर जळायचं न्हाई." दोनच दिवसांत मल्लूनं गवंडी लावून भिंतीवर दोन थर विटा चढवल्या आणि वर फुटक्या बाटल्यांच्या काचा बसवल्या. काचा आमच्या बाजूला तिरक्या, म्हणजे आम्ही जणू बेलाच्या झाडावरून उड्या मारून त्याच्या दुकानावर पडणार होतो. मला एवढा संताप आला की मी पहार शोधायला लागलो.

तू मला बोलावलंस. धाप लागत होती तुला. म्हणालीस, "त्यो काचा लावू दे, त्याचं भ्याव हाय त्ये. तू यक काम कर. सोमवारी शिवकांताबाई हात घालंल, तिला दिसत न्हाई आता नीट. पोतं घडी करून टाक तिथं." मी म्हणालो, मी मेलो तरी टाकणार नाही. मग तू अंथरुणातून उठायला लागलीस. भिंतीला धरून, एक पाय, दुसरा पाय. शिव्या घालत मी पोतं टाकलं. तेच ते.

सिव्हिलमधून तुला घरी न्यायला सांगितलं, तेव्हा सगळं कळलंच होतं. तुझ्या पायांना सूज आली होती, पोट पाण्यानं ताणलं होतं. तू कशाचाच हट्ट धरला नाहीस. ना पाळकसाहेबांचा, ना परभणीच्या डॉक्टरांचा. एकच म्हणालीस. "दान्या, शिवकांताबाईला बोलाव रं. भिंतीवरून न्हाई. म्हनावं, जरा आत येऊन बस माझ्यापाशी."

मी गेलो, आक्का. हे तुला माहीत आहे, पण तिथं काय झालं ते मी तुला पुरतं सांगितलं नव्हतं. मी पुढच्या रस्त्यानं त्यांच्या दुकानात गेलो. मल्लू पुड्या बांधत होता. मी म्हणालो, आक्का शेवटाला आलीय, तुझ्या आईला बोलावतेय. तो पुडी बांधत राहिला, सुतळी दातानं तोडली आणि म्हणाला, "आईची आंघूळ झाली." एवढंच. आतून ती म्हणाली, "येते म्हनावं." मी तुला फक्त "येते म्हणाली" एवढं सांगितलं, आणि तू मला तुझे केस विंचरायला लावलेस. मला कुठं येतात केस विंचरता? तू म्हणालीस, "भांग वाकडा झाला तर झाला, पर आवर."

त्या दिवशी ती आली नाही. दुसऱ्या दिवशी सोमवार. हात आला, तेव्हा मी भिंतीशी जाऊन उभा राहिलो आणि हळूच म्हणालो, "काकू, आक्का वाट बघतेय." हात फांदीवरच थांबला. ती म्हणाली, "आज सोमवार हाय रं लेकरा. पूजा झाली न्हाई अजून. अन् पूजा झाल्यावर तर न्हाईच येता येत. उद्या सकाळी येते, आंघुळीच्या आदी. दोनदा आंघूळ झेपत न्हाई रं ह्या थंडीत, छाती भरून येती." खोटं नव्हती बोलत. तिला खरंच यायचं होतं, हे मला तेव्हा कळलं आणि त्यामुळंच जास्त राग आला. ती नको म्हणाली असती तर मी तुला सांगून मोकळा झालो असतो.

मंगळवारी सकाळी तू दार सताड उघडं ठेवायला लावलंस. कोंबड्या आत येत होत्या, मी हाकलत होतो. पलीकडं बोलणं ऐकू येत होतं. त्यांचे गुरू, कुणी जंगम आले होते, मल्लू त्यांना पाट मांडत होता, भांडी वाजत होती. तू ऐकत होतीस. मला म्हणालीस, "पाव्हणे आल्यात तिच्याकडं. आज काय सवड मिळायची न्हाई तिला." तिच्या वतीनं सबब तूच शोधलीस, मला शोधायलासुद्धा लावली नाहीस. मग ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं, तुझ्या पायापर्यंत आलं. मी पाणी आणायला वळलो. वळून बघतो तर तू दाराकडं बघत होतीस आणि बघत नव्हतीस.

पुढचं तुला ठाऊक नाही. तेवढं सांगायचं राहिलंय. बाकीचं सगळं तर मी उगाच उगाळत बसलो.

मी ओरडलो असेन. वस्तीतली माणसं यायच्याही आधी दारात ती उभी होती. मागच्या फाटकातून नाही आक्का, पुढून आली, गल्लीतून, सगळ्यांच्या देखत, डोक्यावरून पदर घेऊन, भिंत धरत धरत. उंबऱ्यापाशी एक क्षण थांबली. मग पाय उचलला आणि आत आली. अगदी तुझ्या उशाशी येऊन बसली, जमिनीवर, आणि तुझा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. "बाई, आले बगा मी," म्हणाली. "आले, बगा." मग एवढी रडली की तिचा दमा उसळला. मीच तिची पाठ चोळली. माझा हात झटकला नाही तिनं.

रडणं ओसरल्यावर ती घराकडं बघायला लागली. नवरी सासरचं घर बघते तशी. म्हणाली, "असं हाय व्हय." मग विचारलं, "ते टोले देतंय ते घड्याळ कुटंय?" मी दाखवलं, दादांचं, कोनाड्यावरचं. तिनं मान डोलावली. म्हणाली, "हितं व्हय. मला वाटलं, त्या भिंतीला असंल." मग तिनं तुझा भांग पाहिला आणि बोटांनी सरळ केला. कपाळावर हात ठेवून बसली. बायका आल्या, गर्दी झाली. आपल्याच बायका तिच्याकडं डोळे वटारून बघत होत्या, तरी ती हलली नाही. पाळकसाहेब आले, प्रार्थना झाली, तरी तिथंच. बाहेर मल्लू येऊन उभा होता, आत येत नव्हता, नुसता खाकरत होता. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

माझ्या मनात आलं, आक्का जिंकली. खरं सांगतो. तुझ्या उशाशी उभं राहून मी मनातल्या मनात तुझी माफी मागायला लागलो होतो. शेळीची, कडब्याची, पाण्याची, सगळ्याची. मी तिच्याजवळ वाकलो आणि म्हणालो, काकू, लय वेळ झाला, दमला असाल, मल्लू थांबलाय, उठा आता.

तिनं माझ्याकडं वर पाहिलं. डोळे लाल, तोंड सुजलेलं. इतक्या मायेनं ती मला म्हणाली, समजूत घालतात ना तशी, "बसू दे रं. मयताच्या घरी आल्यावर आंघूळ तर करावीच लागती कशी बी. मग आज काय घाई हाय? आज बसते की निवांत."

आक्का, तिला वाटलं, ती मला काहीतरी चांगलं सांगतेय. तिला वाट सापडली होती. तू जिवंत असताना तुझ्यापाशी बसायचं म्हणजे एक जास्तीची अंघोळ होती. तू मेलीस आणि ती अंघोळ हिशेबातून गेली. तू हे ऐकलं असतंस तर काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे, तोंडपाठ आहे. आली की न्हाई, म्हणाली असतीस. बसली की न्हाई. मी शोधतोय, गेले सगळे दिवस हेच शोधतोय, की मला तसं म्हणता येतं का. येत नाही.

ती खरोखरच निवांत बसली. तुला उचलेपर्यंत तिनं तुझा हात सोडला नाही. मग उठली, पदर सावरला आणि अंघोळीला गेली.